तंबाखूच्या वखारीतली हवा

चैत्र शुद्ध पंचमी, १९४६. हौसाचे लुगडे धुऊन मी दवाखान्यामागच्या दोरीवर टाकत होते. तेवढ्यात डॉक्टरांनी आत बोलावले.

त्यांनी हौसाच्या छातीचा एक्स-रे उजेडासमोर धरला. "क्रॉनिक ब्राँकायटिस," म्हणाले. म्हणजे श्वासाच्या नळ्या जुन्या सुजेने अरुंद होणे. त्यावर न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाला सूज येऊन ते पू-पाण्याने भरणे.

"ह्या काम कुठं करतात?"

"सांगलीला, तंबाखूच्या वखारीत. पानं निवडायची, जर्दा चाळायचा."

"खिडक्या उघड्या असतात?"

"न्हाई. वारं लागलं की पान वाळून चुरतं."

"बंद कोण करतं?"

"मीच," म्हटले. त्या वखारीची मुकादमीण मी. हौसा माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यावर आटपाडीहून तिला मीच कामाला आणले होते.

खोकला तिला गेल्या दिवाळीपासून. आमच्याकडे समज असा, की संध्याकाळी गुळाचा खडा खाल्ला की घशातली धूळ उतरते. मी रोज न चुकता तिला गूळ दिला. दवाखान्यात आणले ते ओठ निळे पडल्यावर.

डॉक्टर म्हणाले, "धूळ पोटात नाही, छातीत जाते. तिथं गूळ पोचत नाही."

सल्फाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन दिवसांत ताप उतरला. हौसा उशीला टेकून बसली आणि खोकणाऱ्या डॉक्टरांकडे बघून म्हणाली, "आक्का, त्यास्नी बी एक खडा दे की. लय खाकरत्यात."

डॉक्टर हसले. मला हसू आले नाही.

"आसं तोंड करू नगंस," ती म्हणाली. "तुला तरी कुटं ठावं हुतं?"

पाचव्या दिवशी ताप परत चढला. मी पंख्याने वारा घालत राहिले. खोलीत हवा भरपूर होती, तिला ती आत घेता येत नव्हती. सातव्या दिवशी दुपारी ती गेली.

तुमच्या घरात कोणी गिरणीत, वखारीत, बंद खोलीत काम करत असेल आणि खोकला महिनाभर हटत नसेल, तर घरचे उपाय करत बसू नका. मी बसले.

डॉक्टरांनी औषधात कसूर केली नाही, आणि मला खरे तोंडावर सांगितले. त्यांचे उपकार आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुतकातच वखारीत गेले. सहाही खिडक्या उघडल्या. मालक धावत आले, "आवं बाई, माल चुरंल!"

"चुरू दे," म्हटले.

पानं निवडणाऱ्या बायकांच्या ओळीतली शांता पदरात तोंड घालून खोकत होती. तिला उठवले आणि दवाखान्यात घेऊन गेले.