नितळ पाणी

माझी बायको सुनंदा घरीच लोकर रंगवते. परवा तिने जुन्या पातेल्यात लाल पूड आणि व्हिनेगर घालून पांढऱ्या लडी मंद आचेवर ठेवल्या आणि "ढवळू नका, गुंता होतो," एवढं सांगून ती आत गेली. अर्ध्या तासाने मी झाकण काढलं, तर पाणी अगदी नितळ. रंग कमी पडला असं समजून मी पुडीचा चमचा भरला, तेवढ्यात ती आली.

"अहो, थांबा. रंग संपला नाही, लोकरीने घेतलाय."

मी माणूस उतावळाच. आमची नात चार वर्षांची झाली, अजून बोलत नाही. रोज संध्याकाळी मी तिला खिडकीबाहेरच्या पाखरांची नावं सांगतो, ती नुसती बघत राहते. सगळं वाया जातंय असं वाटून मी तिच्यावर वैतागतो, मग स्वतःवर.

गार झालेल्या लालभडक लडी दोरीवर टाकल्या. थेंब गळत होते, पण एकाही थेंबाला रंग नव्हता. नातीने खाली ओंजळ धरली. मी शेजारी बसलो आणि पाखरांची नावं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, सावकाश.