बेट की शहर, पाचपर्यंत सांगा

सहलींच्या कचेरीत पहिल्या टेबलावर बावीस वर्षं बसलेल्या बाईंना सगळे 'बेटबाई' म्हणत. गिऱ्हाईक आलं की "कुठं जायचंय" असं त्या विचारतच नसत. माणसाला स्वतःला धड ठाऊक असतं तर तो इथं कशाला आला असता? त्या त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवत आणि दहा मिनिटं कागद चाळल्याचं सोंग करत. खुर्ची भिंतीकडे वळवून डोळे मिटणाऱ्याला बेट. रस्त्याकडे बघत बसणाऱ्याला शहर. नव्या साहेबांनी मनःस्थिती ओळखायचा सोळा प्रश्नांचा तक्ता छापून आणला, तो बाईंनी कुंडीखाली अंथरला.

एवढ्या लोकांना वाटेला लावणाऱ्या बाई स्वतः मात्र कुठंच गेल्या नव्हत्या. यंदा कंपनीला एकदाची लाज वाटली आणि तिनं त्यांना दोन माणसांची सहल दिली. अट एकच, आज पाचपर्यंत ठिकाण कळवायचं, नाहीतर सहल रद्द.

सकाळपासून फोनला उसंत नव्हती. सासूबाईंना बेट नको होतं, तिथं दवाखाना नसतो म्हणून.

"आई, पण तुम्ही कुठं येताय?"

"म्हणजे मला न्यायचंच नाहीये तर."

मग नवऱ्याचा फोन. "ताईचं शहर सांगून टाक. मी तिला कळवलंय. तिनं खोली आवरायला घेतलीसुद्धा."

"अहो, हॉटेल मिळतंय आपल्याला."

"हॉटेलात आपलं माणूस असतं का? आणि चार दिवस तिच्या मुलांचा अभ्यासही घेशील तू."

बाईंनी फोन उपडा ठेवला. सुट्टी त्यांची, बेत सगळ्या खानदानाचा. जिथं फोन लागत नाही असलं बेट हवं, असं मनाशी म्हणत त्यांनी अर्ज ओढला.

"बाई, आधी खुर्ची," शेजारचा तिकीटवाला मान वर न करता म्हणाला.

"माझं मला कळतं."

"प्रत्येक गिऱ्हाईक हेच म्हणतं. तुम्ही ऐकता का त्याचं?"

बाई धुसफुसत जाऊन बसल्या. समोर एका बंद दुकानाच्या दाराशी एक म्हातारा भला मोठा जुडगा घेऊन एकेक चावी कुलपाला लावून बघत होता. मागं उभी एक म्हातारी त्याला काहीतरी सुनावत होती. तो शांतपणे पुढची चावी काढत होता.

"झाली का दहा मिनिटं?" बाईंनी मान न वळवता विचारलं.

"वीस झाली."

"थांबा जरा, उघडतंय बहुतेक." मग बाईंच्या लक्षात आलं, खुर्ची रस्त्याकडेच होती. बेट त्यांना नकोच होतं. त्यांना माणसं हवी होती, फक्त ओळखीची नकोत.

त्यांनी शहरांची यादी घेतली. नणंदेचं शहर खोडलं, चुलतसासऱ्यांचं खोडलं, नवऱ्याच्या मित्राचं खोडलं. शेवटी एकच उरलं. ते अर्जात लिहून त्यांनी घरी फोन लावला.

"शहरच घेतलंय."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?"

"ताईंचं नाही, दुसरं."

"तिथं आपलं कोण आहे?"

"कुणीच नाही."

"मग मी तिथं करू काय?"

"ते तुम्ही ठरवा. माझं नाव लिहिलंय, दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "पाचला सात कमी आहेत. यायचं असेल तर तोवर सांगा."