संकष्टीच्या दिवशी थडग्यात

परवा दोह्यात, अल हिलालमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये एसीचा फिल्टर झटकताना कोरड्या धुळीचा वास नाकात गेला आणि इजिप्तमध्ये लक्झरमधल्या एका राजाच्या थडग्यातला तो उतार आठवला. काही वर्षांपूर्वी दोह्याहून आम्ही चार दिवसांसाठी तिथे गेलो होतो. तिकिटं, पाणी, औषधांच्या वेळा, सगळं माझ्या यादीत होतं. भिंतींवरचे निळे-पिवळे देव बघत निम्मा उतार उतरलो, तोच सासूबाई लाकडी कठडा धरून खालीच बसल्या. हात गार, कपाळावर घाम. मागे-पुढे पर्यटकांची रांग आणि हवा कोंदट. साखर उतरली हे ओळखून मी बिस्किटं काढली, तर त्यांनी तोंड फिरवलं. "आज संकष्टी आहे गं. बिस्किट नाही चालत." "आई, सकाळपासून काय खाल्लंत?" "चहा घेतला की. तुझं वेळापत्रक कशाला बिघडवू?" मी हादरले, कारण मधुमेहाची गोळी सकाळी मीच घड्याळ बघून त्यांच्या हातावर ठेवली होती. त्यांचे शब्द आता अडखळू लागले. गर्दीतून वाट काढत आलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याने विचारलं, "सायमा?" उपवास आहे का, हा प्रश्न मला दोह्यातल्या रमजानमुळे कळला. मी मान हलवताच त्याने झग्याच्या खिशातून कागदात बांधलेले खजूर काढले. "हे चालतं," असं पुटपुटत सासूबाईंनी तीन खाल्ले. त्यांच्या हाताला ऊब येईपर्यंत मी तो सोडला नाही. आता रोज गोळी देण्याआधी मी "काय खाल्लंत?" असं विचारते आणि उत्तर मिळेपर्यंत मूठ उघडत नाही.