टाचा टेकेपर्यंत

रविवार, सकाळी अकरा, शिवाजीनगर. हजर: मी, नवरा आणि सायकलवाले अण्णा, ज्यांच्या दुकानावरून मी रोज जाते.

शाळेनंतर पहिल्यांदाच सायकल घ्यायची म्हणून मी लाल सायकल घट्ट धरून ठेवली होती. पण अण्णा किंमत सांगण्याआधी गिऱ्हाइकाच्या टाचा बघतात.

"अक्का, दांडीच्या दोन्हीकडे पाय टाकून उभ्या राहा."

माझ्या टाचा जमिनीला टेकेनात.

"सीट खाली घ्या ना!"

"सीट येईल खाली. दांडी कशी येईल?"

नवरा हसला, अण्णा नाही. लाल सायकल विकायला त्यांनी साफ नकार दिला, आतून धुळकट निळी काढली आणि स्वतःच्या रुमालाने पुसली. टाचा टेकल्या!

"आता सरी!" अण्णा कानडीत म्हणाले, म्हणजे आता बरोबर.

मी गल्लीला तीन फेऱ्या मारल्या, तिन्ही डावीकडेच वळत. उजवीकडे वळताना हँडल सोडून हात दाखवायला अजून शिकायचं आहे.