पेशी गप्प का होते

प्रयोगशाळेत त्यांना सगळे बाई म्हणत. सतरा वर्षं काम एकच. सशाच्या डोळ्याच्या आतला, मागच्या बाजूचा पातळ पडदा अलगद सोडवायचा, कोमट खारट पाण्यात जिवंत ठेवायचा आणि त्यातल्या एकेका मज्जापेशीला केसाहून बारीक तार टेकवायची. पेशीनं संदेश सोडला की स्पीकर तडतडायचा. पडदा सहा-सात तास तग धरी; तोवर बाईंना खुर्ची सोडता येत नसे. मानेनं आणि कंबरेनं कधीच हात टेकले होते.

घरी थोरला भाऊ. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात त्याची हयात गेली आणि मग काचबिंदूनं कडेकडेनं खात सगळी नजर नेली. तो रोज विचारी, "अगं, डोळा तर शाबूत आहे. मग बिघडलंय काय?" दमलेल्या बाई म्हणत, "उद्या सांगते."

अशी चार वर्षं गेली. शेवटी एका दुपारी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमची परवानगी काढून त्या त्याला घेऊनच आल्या.

बाईंनी पडद्यावर उजेड पाडला. स्पीकर तडतडला आणि लगेच थंडावला.

"दिवा घालवलास?"

"नाही, चालूच आहे. या पेशीला फक्त बदल कळतो. तेच ते दिसत राहिलं की गप्प बसते."

"तुझ्यासारखीच की!"

बाई कितीतरी दिवसांनी हसल्या. दुसरी पेशी उजेड गेल्यावरच बोलली. तिसरीसमोरून बाईंनी त्याला सांगत सांगत उजेडाची रेघ उजवीकडे नेली. चकार शब्द नाही. डावीकडे नेली, तर नुसता भडिमार. भावाचा हात आपोआप कुंचला धरल्यासारखा डावीकडे सरकला.

"म्हणजे डोळा मेंदूला चित्र पाठवतच नाही. नुसत्या खबरा?"

"हो. आणि तुझ्या खबरा नेणाऱ्या पेशीच मेल्यात, दादा. त्या परत येत नाहीत."

त्यानं चाचपडत स्पीकरवर हात ठेवला.

"किती होत्या?"

"एकेका डोळ्यात दहा-बारा लाख."

"एवढ्या! आणि जाताना एकीनंही सांगितलं नाही."

"आणखी एकदा डावीकडे ने," तो म्हणाला. बाईंनी नेली. संध्याकाळी पडदा थकला, पेशी एकेक करून मुक्या झाल्या, तोवर तो ऐकत बसला.

परतताना बसमध्ये बाईंना त्याच्या खांद्यावर गाढ झोप लागली. वळणं मोजत त्यानं आपला थांबा ओळखला आणि मगच त्यांना हलवलं.