तात्यांच्या मोटारीचं कुंकू

गाडी सुरू करण्याआधी तात्या बॉनेटला कान लावायचे आणि एक हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचे. आत बसलेल्या माणसांनी तर बोलायचं नाहीच, पण समोरच्या हॉटेलवाल्यानं स्टोव्हला पंप मारलेलाही त्यांना खपत नसे. "गप ऱ्हावा! बाईसाहेब काय म्हन्त्यात ते ऐकू द्या." बाईसाहेब म्हणजे त्यांची जुनीपानी मोटार. मिरजगावातून कुणाला नगरच्या दवाखान्यात जायचं असो की कर्जतच्या कोर्टात, बाईसाहेबांची मर्जी सांभाळूनच जावं लागे.

मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवायचो आणि तात्यांच्या शेजारच्या खोलीत राहायचो. तात्या आता नाहीत, आणि त्यांच्यासारखा दुसरा भांडकुदळ शेजारी मला पुन्हा मिळाला नाही. गाडीतला बिघाड ते अचूक ओळखत, पण त्याआधी रस्त्याला, पेट्रोलला आणि मागच्या सीटवरच्या गिऱ्हाइकाला शिव्या घालून घेत. "तुमच्यासारखं धूड मागं बसल्यावर बाईसाहेबांनी दमू न्हाई तर काय करावं?" असं त्यांनी एका फौजदाराला तोंडावर सांगितलं होतं. बाईसाहेबांशी मात्र आवाज मऊ. घरात आक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, वाट्याला फक्त "ए, च्या!" एवढंच यायचं.

त्र्याहत्तरच्या मार्गशीर्षात माझं लग्न ठरलं. मुलगी पुणतांब्याची. मला आईवडील नव्हते, म्हणून वरमाई आक्का आणि गाडी तात्यांची. मुहूर्त दुपारचा होता. सासरा हटवादी. "मुहूर्त टळला तर दुसरा धरनार न्हाई, पोरगी घरात ठिवीन," असं त्यानं सुपारी फोडतानाच बजावलं होतं. वऱ्हाड पहाटेच ट्रकनं पुढं गेलं. मागं राहिलो मुंडावळ्या बांधलेला मी, शालू नेसलेल्या आक्का आणि तात्या.

तात्यांनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

"गप!" तात्या ओरडले. बोलत कुणीच नव्हतं.

आधी त्यांनी थंडीला दोष दिला, मग नुकत्याच महागलेल्या पेट्रोलला. मग "माफी असावी" म्हणून पान्यानं सेल्फवर, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टरवर, दोन टोले हाणले. टक्. हॅन्डल मारून झालं. हॉटेलातल्या चौघांनी धक्का मारत गाडी सडकेपर्यंत नेली, तिथं ती एकदा खोकली आणि बसली. सूर्य चांगला कासराभर वर आला होता.

शेवटी तात्यांनी आक्कांना गाडीपुढं उभं केलं. "ए, दिवं बघ. लागलं?"

"लागलं."

टक्. "आता?"

"पार मेलं."

"आसं व्हय! म्हंजी करंट हाय, पन सेल्फापत्तूर पोचंना. बॅटरीच्या तोंडालाच आडलाय." एवढं बोलून तात्यांनी चावीवरचा हात काढून घेतला.

मी बॉनेट उघडलं. बाकीचे लोक दसऱ्याला मोटारीच्या कपाळाला हळदकुंकू लावतात. तात्या बॅटरीला लावत, कारण सगळी शक्ती तिथंच असते. तेही दर अमावस्येला, तेलात कालवून. तारा जोडायच्या जागी पुटावर पुटं चढून आतली बॅटरी शेंदूर फासलेल्या म्हसोबासारखी दिसत होती.

"तात्या, खरवडा की हे!"

"काय खरवडा? लगीन लावाय निघालास आन् सवाशिनीचं कुंकू पुसाय सांगतुस?"

"अहो, बॅटरी आहे ती!"

"ह्यांचा धनी कोन? मी! ह्यांचं कुंकू पुसलं तर मुडदा कुनाचा पडंल?" तात्यांच्या कपाळावर त्या थंडीत घाम आला होता. फौजदाराला न भिणारा हा माणूस खरोखर घाबरला होता. माझ्या लग्नाचं वाटोळं होताना दिसत होतं, आणि तरी मी बॉनेटपासून मागं सरलो.

आक्का घरात गेल्या आणि कढत पाण्याचा तांब्या अन् देव घासायची नारळाची शेंडी घेऊन आल्या. शालूचा पदर कमरेला खोचला. "सरका."

"ए, हात लावू नगंस!"

"तुमचं कुंकू माझ्या कपाळाला हाय," आक्का म्हणाल्या. "ह्या डबड्याच्या न्हाई."

आवाज चढवला नव्हता. तात्या बाजूला झाले, डोळे मिटून छातीवर हात ठेवून उभे राहिले. आक्कांनी घासून घासून बॅटरीच्या टोकांचं शिसं उघडं केलं, तारा परत आवळायला मला सांगितलं आणि चावी स्वतःच फिरवली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. तात्यांनी एक डोळा उघडला, छाती चाचपली आणि मुकाट्यानं गाडीत येऊन बसले.

नगर मागं पडलं. समोरचा आरसा त्यांनी रस्त्यावरून वळवून मागच्या सीटवर लावला होता. राहुरीच्या पुढं त्यांनी घसा खाकरला. "ऊन लागतंय का?"

"नाही, तात्या," मी म्हणालो.

"तुला न्हाई इचारलं."

मुहूर्ताच्या जरा आधी पुणतांब्यात पोचलो. सासरा हार घेऊन, बायका आरती घेऊन माझ्या दाराशी धावले. पण त्या गाडीची मागची दारं फक्त बाहेरून उघडत, तीही खाली लाथ आणि वर हिसका असा तात्यांचा हात लागला तरच. सासरा कडी ओढून घामाघूम झाला. तात्या उतरले, माझ्यावरून सरळ पुढं गेले आणि आक्कांच्या बाजूचं दार उघडून हात पुढं केला.

"आवं, आधी नवरदेवाला काढा!" आक्का लाजून म्हणाल्या.

"त्यो कुटं पळून चाललाय?"

आक्का तो हात धरून सगळ्या मांडवादेखत उतरल्या. कुणासाठी वाजवायचं ते न कळल्यामुळं बँडवाल्यांनी तिथूनच सुरुवात केली. मी काचेआडून बघत बसलो होतो. माझ्या लग्नातलं मला एवढंच नीट आठवतं.