भावाने पाहिलेली थाळी

माझा थोरला भाऊ उत्तरेकडच्या एका हवाई तळावर वायरलेसचं काम करायचा. आमच्या वस्तीतून फौजेत गेलेला तो पहिलाच. बाबा अकोल्यात कापसाच्या जिनिंगात कामाला होते, मी मास्तरीणबाईच्या ट्रेनिंगला. चीनशी लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील. उन्हाळ्यात तो महिनाभराच्या रजेवर आला. बाळापूरच्या एका मास्तरांच्या मुलीशी त्याचं जमलं होतं, साखरपुड्याचं कुंकू लावायचं तेवढं राहिलं होतं.

एका दुपारी आम्ही दोघं ओसरीत कैऱ्या चिरत होतो. एकाएकी तो म्हणाला, "तुले एक सांगतो. कोनाले सांगू नोको."

तळावर भर उन्हात त्यानं आणि त्याच्या जोडीदारानं आभाळात एक चकचकीत वस्तू पाहिली होती. थाळीसारखी गोल. ना आवाज, ना धूर. बराच वेळ एका जागी उभी राहिली आणि मग सरळ वर निघून गेली. साहेबांनी वहीत 'फुगा' लिहायला सांगितलं. जोडीदारानं मुकाट लिहिलं.

"मंग काय होतं ते?"

"इमानच असन. कोनीतरी चोरून नवीन बनवून राह्यलं. आपलं असन तं मी जनमभर तोंड उघडत नाई. पन दुसऱ्याचं असन, अन् आमी फुगा लिहून बसलो, तं?"

त्यानं हातातली कैरी खाली ठेवली. मी मात्र हसले. "दादा, तुले ऊन लागलं असन."

तो पुढची कैरी चिरू लागला.

ही गोष्ट मी ट्रेनिंगच्या मैत्रिणीला गंमत म्हणून सांगितली. तिची मावशी बाळापूरची. आठवड्याभरात मध्यस्थ दारात उभा राहिला.

"पोरगा आभायात थाळ्या पाह्यते म्हनतात. मास्तर पोरगी देत नाईत."

बाबांनी दादाला विचारलं, "काय पाह्यलं तू?"

त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. "काई नाई, बाबा."

मला तो एक शब्द बोलला नाही. रजा शिल्लक असतानाच निघून गेला. पुढं कितीही स्थळं आली तरी त्यानं लग्न केलं नाही.

मला अमरावतीच्या शाळेत नोकरी लागली. काही वर्षांनी, एका परक्या देशानं वर्षानुवर्षं लपवून उडवलेलं विमान जगाला दाखवल्याची बातमी मी तिथं पेपरात वाचली. फोटोसकट कापून ठेवली. दादा भेटायला आला तेव्हा त्याच्यापुढं धरली. "तुझं खरं होतं, दादा."

त्यानं फोटो उन्हात नेऊन बराच वेळ पाहिला.

"हे नाई. याले पंख हायेत."

"मंग काय होतं?"

"आता काय करतं इचारून?"

मला रडू आलं. "मी हसले होते तवा. माफ कर."

"जाऊ दे. लहान होती तू," तो म्हणाला.

मी वीस वर्षांची होते.